पहिल्या पानावरचं नाव

कॉलेजात तिला सगळे ‘खबरी’ म्हणत. पहिल्या वर्षाला असतानाच तिने हाताने लिहिलेलं वार्तापत्र कॅन्टीनच्या भिंतीवर चिकटवायला सुरुवात केली आणि हे नाव तिला पडलं. तिला ते आवडायचंही. नाही म्हटलं तरी कोणीतरी आपल्याला कामावरून ओळखतंय, ही गोष्ट त्या वयात डोक्यात हवा भरतेच.

दुसऱ्या वर्षापासून ती शहरातल्या मोठ्या दैनिकाच्या कचेरीत खेटे घालू लागली. लेक्चर संपलं की जिन्याने धापा टाकत वर जायचं, नगरवार्ता बघणाऱ्या भाऊंच्या टेबलाशी उभं राहायचं आणि वक्तृत्व स्पर्धेचा निकाल त्यांच्या हातात द्यायचा. भाऊ चष्म्यावरून एकदा कागदाकडे, एकदा तिच्याकडे बघत आणि त्याच्या दोन ओळी करून आतल्या पानावर कुठेतरी कोंबत. खाली नाव नसे. तरी ती त्या ओळी कापून वहीत चिकटवायची.

बाबांना हे खूळ मुळीच पसंत नव्हतं. “पत्रकारिता म्हणजे भिकेचे डोहाळे,” ते म्हणत. “रसायनशास्त्र घेतलंयस ना? मग रसायनशास्त्र कर.” आई मध्ये पडायची, “अहो, पोरगी लिहितेय, चोऱ्या तर करत नाहीये.”

रसायनशास्त्र ती करत होतीच, चिमणीच्या जोरावर. चिमणी म्हणजे प्रयोगशाळेतली तिची जोडीदारीण. अंगाने काटकुळी, बोलायला लागली की थांबायची नाही, आणि हात मात्र असे स्थिर की सर तिच्याकडे बोट दाखवून इतरांना शिकवत. खबरीचे निम्मे प्रयोग तिनेच तडीला नेले होते. “तू माझ्याबद्दल छापून आण, मी तुला पास करते,” चिमणी म्हणायची आणि दोघी खिदळायच्या.

अपघात झाला त्या दिवशी परीक्षानळी चिमणीच्या हातात नव्हतीच. पलीकडच्या टेबलावर कुणाची तरी नळी तापता तापता उसळली आणि आतलं आम्ल थेट चिमणीच्या तोंडावर आलं. ती किंचाळली. खबरीने तिला धरून कोपऱ्यातल्या, डोळे धुण्यासाठीच बसवलेल्या नळाकडे ओढत नेलं. चकती फिरवली. नळ कोरडा ठणठणीत. शेवटी कुणीतरी वऱ्हांड्यातून बादली आणली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. प्रयोगाला घालायचे जाड चष्मे कपाटात कुलूपबंद होते. तपासणी आली की ते बाहेर निघत, तपासणी गेली की आत जात.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात चिमणी उशीला टेकून बसली होती. डावा डोळा पट्टीखाली.

“लिही तू,” ती म्हणाली. “नळाचं लिही, चष्म्यांचं लिही. उद्या दुसऱ्या कुणाचं असं व्हायला नको. पण माझं नाव नको घालूस. आमच्या घरी मी शिकतेय हेच कितीकांच्या डोळ्यांवर येतंय. पेपरात नाव आलं तर बाबा बोचकं बांधून घरी नेतील.”

“तुझी शपथ,” खबरी म्हणाली. “नाव येणार नाही.”

तिने जीव ओतून लिहिलं. नळाला पाणी कधीपासून नाही, ते शिपायापासून सरांपर्यंत सगळ्यांना विचारून घेतलं. भाऊंनी बातमी वाचली आणि पहिल्यांदाच तिला खुर्ची दिली.

“झकास आहे. पहिल्या पानाची आहे. पण पोरगी कोण?”

“नाव छापायचं नाही, भाऊ. मी शब्द दिलाय.”

“नको छापूया. पण मला तरी माहीत हवं ना? उद्या कॉलेजने दावा ठोकला तर मालक माझी मान पकडणार. नाव नाही तर ती बातमी नाही, वावडी आहे.” त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. “घेऊन जा परत. भिंतीवर लाव तुझ्या.”

खबरीने कागदाला हात लावला. उचलला नाही. पहिलं पान म्हटलेलं तिच्या कानात घुमत होतं. भाऊंना सांगणं म्हणजे काही छापणं नव्हे, असं तिने स्वतःला समजावलं आणि चिमणीचं खरं नाव हलक्या आवाजात सांगून टाकलं.

सकाळी बाबांनीच तिला हलवून उठवलं. “अगं, ऊठ! नाव आलंय तुझं! पहिल्या पानावर!” ते शेजारीपाजारी दाखवायला पेपर घेऊन बाहेरही पडले. दारातून त्यांचा आवाज येत होता, “आमची मोठी हो! मी म्हणतच होतो.”

तिने दुसरा पेपर मिळवला. मथळा होता: ‘निष्काळजीपणा भोवला, विद्यार्थिनीचा डोळा जायबंदी’. नळाचं अवाक्षर नव्हतं. सूचना देऊनही विद्यार्थिनीने चष्मा घातला नव्हता, असं प्राचार्यांनी सांगितल्याचं ठळक अक्षरांत होतं. त्याखाली चिमणीचं नाव, आडनाव, वर्ग. किंकाळीचं आणि बादलीचं वर्णन तेवढं खबरीच्या शब्दांत, जसंच्या तसं. आणि वर तिचं नाव.

ती तडक कचेरीत गेली. भाऊ फोनवर होते. त्यांनी बोटाने थांबायची खूण केली आणि फोन संपल्यावर शांतपणे म्हणाले, “प्राचार्य आपल्या मालकांचे व्याही आहेत. मलाही काल त्यांची बाजू विचारायला फोन केल्यावरच कळलं. मग मालकांनीच बातमी मागवून घेतली.”

“पण हे खोटं आहे! चष्मे कुलपात होते. आणि नाव? तुम्ही म्हणाला होतात—”

“म्हणालो होतो.” भाऊंनी नजर खाली वळवली. “हे बघ, खुलासा लिहून ठेव, बघू. आणि ऐक. तुझी लिहिण्याची धाटणी मालकांना आवडली. एक जागा रिकामी आहे. शिकाऊ म्हणून सोमवारपासून ये.”

तिने तिथेच बसून खुलासा लिहिला. भाऊंनी तो इतर कागदांच्या गठ्ठ्याखाली घातला. तो तिथून कधी निघणार नाही, हे तिला तेव्हाच कळलं. तरी ती विचारून बसली, “सोमवारी किती वाजता?”

दवाखान्यात चिमणीचा पलंग रिकामा होता. वडील येऊन घेऊन गेले, असं परिचारिकेने सांगितलं. कॉलेजात शिक्षकांनी खबरीची पाठ थोपटली. मुलं मात्र ती आली की बोलणं थांबवायची. आता खबरी म्हणून कोणी हाक मारत नसे. मागे वळल्यावर ‘चुगलखोर’ ऐकू यायचं.

महिन्याभराने धीर करून ती चिमणीच्या गावी गेली. दार तिच्या आईने उघडलं. “मैत्रीण का? ये ग बाई, ये. कोणी येतच नाही तिच्याकडे.” त्या माउलीने पेपरातलं खबरीचं नाव बहुधा वाचलंच नव्हतं.

चिमणी खिडकीपाशी भाजी निवडत बसली होती. डावी पापणी मिटलेली, कातडी ओढलेली.

“हा गेला,” ती म्हणाली. “उजवा शाबूत आहे. कॉलेज बंद. बाबा म्हणाले, एवढी निष्काळजी मुलगी प्रयोगशाळेत ठेवायची कशाला.”

“मी तसं लिहिलं नव्हतं ग. त्यांनी बदललं.”

“आणि माझं नाव? तेही त्यांनीच शोधून काढलं?”

चिमणीने एक देठ मोडला, दुसरा मोडला. तिने शिव्या घालाव्यात, ताट फेकून मारावं, असं खबरीला आतून वाटत होतं. तसं काहीच झालं नाही.

“नोकरी लागली म्हणे.”

“लागली.”

“बरं झालं. एकीचं तरी भलं झालं.” ती उठली, भाजीचं ताट कमरेवर घेतलं. “आता तू जा. बाबा यायची वेळ झाली. त्यांना तुझं नाव पाठ आहे.”

परतीच्या बसमध्ये भाऊंचा फोन आला. प्राचार्यांचा सत्कार होता, आदर्श शिक्षणसंस्थेचा कसलासा पुरस्कार मिळाला होता त्यांना. बातमी तिनेच करावी, अशी मालकांची इच्छा होती.

“जमेल ना?” भाऊंनी विचारलं.

खिडकीबाहेर नुसतं ऊन होतं आणि मागे पळणारे विजेचे खांब.

“येते,” ती म्हणाली, “थेट तिकडेच उतरते.”