आजाऱ्याची पेज

महादूनं पेजेची वाटी बाजूला सारली आणि त्याची बायको सगुणा भडकलीच.

"मना नको गं. पोट भरलाय."

"कसलं भरलंय? जखम भरून यायची तर अंगात ताकद नको? गपगुमान पिवा!"

माहुलच्या खाडीत होडी ओढताना महादूच्या पायाच्या अंगठ्याला कालवाच्या शिंपल्याची धार लागली होती. एरवी असल्या चिरेवर हळद दाबून तो दुसऱ्या दिवशी जाळ्यावर गेला असता. पण त्याला साखरेचा आजार. जखम चिघळतच गेली. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, गोड बंद, भात बंद. सगुणा सांगितल्या शब्दाला पक्की. तिनं घरातला गूळ वाटून टाकला, भाताचं शीत त्याच्या ताटात पडू दिलं नाही. पण भात तोडल्यावर गडी उभा कसा राहणार? म्हणून तिन्ही त्रिकाळ पेज. पेजेला कोळीवाड्यात जेवण कोण म्हणतं? ती तर आजाऱ्याची हक्काची.

अंगठा काळा पडला तेव्हा महादूला घाटकोपरच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी जखम पाहिली आणि सगुणाला विचारलं, "बाई, भात सोडला होता ना?"

"एक शीत नय दिला, साहेब," ती अभिमानानं म्हणाली.

"मग खातो काय?"

"पेज."

"कशाची?"

"तांदला..." सगुणाचा शब्द तोंडातच अडकला. स्वतःचंच बोलणं तिनं पहिल्यांदा ऐकलं.

"अहो, पेज म्हणजे भातच! रक्तात साखरच होते त्याची. साखर अशी चढलेली असली की जखम भरत नाही."

ती काही बोलणार, तोच महादू म्हणाला, "डाक्टर, तिची चूक नय. ती नय म्हनायची, मीच हट्टानं मागायचो."

अंगठा कापावा लागला. पाय वाचला, पण डोलत्या होडीत पाय रोवून जाळं ओढणं संपलं. महादू दारात बसून दुसऱ्यांची जाळी सांधू लागला. विचारील त्याला सांगायचा, माझ्याच जिभेनं माझा घात केला. ते ऐकून सगुणाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तो चिडला असता तर तिला सोसलं असतं.

एका सकाळी शेजारची सरूबाई वाफाळता टोप घेऊन आली. "महादूसाठी पेज आनलीय गं."

"परत ने, सरूबाय."

"अगं, आजाऱ्याला पेज नय द्यायची? कोन बोलला?"

महादू जाळ्यावरून मान वर करून घाईनं म्हणाला, "मना आवडत नय आता."

"खोटं!" सगुणा ओरडली. शेजारच्या बाया दारात आल्या. "यांना कवाच नको होती. मी दटावून पाजली, माज्या या हातानं. पेज भातच असते गं, सरूबाय. तुझ्या सासूलाबी साखर हाय ना? तिला नको देऊस."

सरूबाई टोपाकडे बघत राहिली. सासूला सकाळीच वाटीभर पाजून ती आली होती.

महादूनं मान खाली घालून जाळ्याची गाठ आवळली. "कशाला बोललीस गं?" तो हळूच म्हणाला.

सगुणानं आत जाऊन त्याच्यासाठी मांदेली तव्यावर टाकली आणि पदरानं डोळे पुसले.