चढती विहीर

डिसेंबरच्या दुसऱ्या सोमवारी सपना तायडेला दोन फोन आले. पहिला जळगावहून, भाईदास नानांचा. नाना म्हणजे ती काम करत होती त्या जलसंधारण संस्थेचे प्रमुख. खान्देश विभागाचा शाश्वत अभियांत्रिकी आणि भूविज्ञान पुरस्कार यंदा त्यांच्या खैरदरीच्या पाझर तलावाला जाहीर झाला होता. एरवी मोजकं बोलणाऱ्या नानांना त्या दिवशी शब्द आवरत नव्हते.

"परीक्षक काय म्हणाले माहितीये? विहिरीचा असा आलेख आम्ही आजवर पाहिलाच नाही म्हणे. तुझा आलेख, पोरी!"

दुसरा फोन खैरदरीहून भागाबाईचा. दर सोमवारी ती तलावाखालच्या विहिरीत टेप सोडायची आणि आकडा कळवायची.

"ताई, पानी आखो चढनं. मांगला सोमवारले काठपासून नऊ फूट व्हतं, आज सात."

सपनाने आकडा लिहिला. लिहून झाल्यावरही पेन कागदावरून उचललं नाही.

खान्देशातली विहीर कशी वागते हे तिला पाठ होतं. नवरात्रापर्यंत चढते, दिवाळीला थबकते आणि कपाशीची दुसरी वेचणी येईतो उतरणीला लागते. ही विहीर मात्र दिवाळीनंतर चढायला लागली होती. नोव्हेंबरात परीक्षक पाहणीला आले, तेव्हा सपनानेच काठावर उभं राहून समजावलं होतं: तलाव झपाट्याने उतरतोय, विहीर चढतेय, म्हणजे पाणी मुरतंय. खरं तर तलाव जमिनीतल्या दगडी भिंतीच्या आड होता, म्हणून फायदा व्हायचा तो वरच्या अंगाच्या विहिरींना. खालचीही चढली, हे सगळ्यांना वरकड दान वाटलं. परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आता तिने तलावाची आणि विहिरीची रेघ एकाच कागदावर काढली. तलाव उतरतो तसा त्याचा जोर कमी व्हायला हवा, आणि विहिरीचं चढणं मंदावायला हवं. इथे उलटं होत होतं. तलाव जितका खाली जात होता, तितकी विहीर जोरात चढत होती. याचा अर्थ एकच निघत होता. जमिनीखाली पाण्याला वाट सापडली होती आणि ती वाट रुंद होत चालली होती.

तिने कागद फाइलमध्ये ठेवला. पुढचे अडीच आठवडे ती फाइल उघडली नाही. हे तिने नंतर कुणापासून लपवलं नाही.

न उघडण्याला कारण होतं. धुळ्याच्या पश्चिमेला जमिनीतून उभ्या काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती वर आलेल्या आहेत. फार पूर्वी जमिनीला भेगा पडल्या, त्यांत तप्त रस भरला आणि थिजला. खैरदरीची अशी भिंत एका ठिकाणी तुटलेली होती आणि त्या खिंडीतून नाला वाहायचा. खिंड मातीच्या भरावाने बुजवावी, म्हणजे भिंतीच्या आड आपोआप तलाव होईल, ही कल्पना सपनाची. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, विद्यापीठाचं सुवर्णपदक मिळवलेली मुलगी. तिशीतच तिने हे काम उभं केलं.

भरावाखालून पाणी निसटू नये म्हणून आधी खंदक खणतात. कठीण खडक लागेपर्यंत खणायचं आणि मग काळी माती ठोकून भरायची. डाव्या टोकाला नकाशात खोली होती पाच मीटर. तीन मीटरवर लोटनच्या पोकलेनचा दात दगडाला लागला. जूनची आठ तारीख होती, आभाळ भरत होतं आणि मशिन दुसऱ्या दिवशी दुसरीकडे कबूल झालं होतं.

लोटन केबिनमधून खाली उतरला होता. "ताई, हाऊ धोंडा शे. खडकना आवाज असा नही ऱ्हास."

सपना खंदकात उतरली. दोनदा हातोडी मारली. वर येऊन वहीत लिहिलं, 'कठीण खडक लागला', आणि सही केली.

त्याला सहा वर्षं झाली होती.

जानेवारीच्या पहिल्या शुक्रवारी भागाबाईचा फोन आला, सोमवार नसताना.

"ताई, अंगणवाडीमा साप निंघना. या आठवडामा तिसरा. उंदरं तं घरघरमा फिरी राहिनात, दिवसाढवळ्या."

"अक्का, बिळात पाणी शिरलंय," सपना म्हणाली, आणि आपल्याच तोंडचं वाक्य ऐकताच निघायला उठली.

तासाभरात ती खैरदरीत होती. भरावाच्या पायथ्याशी, जिथे या दिवसांत पिवळं कुसळ असायचं, तिथे हिरवंगार लव्हाळं उगवलं होतं. पाय टेकवला की जमीन साईसारखी थरथरायची. मधोमध एक बारीक झरा उकळल्यासारखा वर येत होता आणि त्याच्याभोवती मऊ काळ्या मातीचं कडं साचलं होतं, मुंगळ्यांनी वारूळ उकरावं तसं. ती भरावावर चढली. पलीकडे तलाव अगदी शांत होता. डाव्या काठाजवळ बाभळीची एक काडी पाण्यावर तरंगत होती. वारा नव्हता. काडी स्वतःभोवती सावकाश फिरत होती.

खाली वस्तीत बायका धुणं धूत होत्या. चाळीस घरं होती. कुणीतरी हसलं, तो आवाज इतका स्वच्छ वर आला की सपनाला तिथे उभं राहवेना.

भरावावरून उतरता उतरताच तिने नानांना फोन लावला.

"नाना, तलाव रिकामा करावा लागेल. उद्याच. सांडवा फोडून."

"परवा समारंभ आहे, सपना. सहा गावांत हाच नकाशा उभा राहतोय. पहूरकडच्या दोन ठिकाणी तर कालपासून मशिनं चालू झालीत. तुला खात्री आहे का?"

"नाही."

"मग सोमवारी बघू."

"खात्री पटेल तेव्हा पळायलाही वेळ नसेल, नाना. तो खंदक डाव्या बाजूला पूर्ण झालेला नाही. मी खडक लागला असं लिहिलं, तो खडक नव्हता."

चाळीस वर्षं पाण्याच्या कामात काढलेला माणूस होता तो. त्याला जास्त सांगायची गरज नव्हती. तरी ते म्हणाले, "मी हो म्हणणार नाही. समारंभाला मला उभं राहायचंय." पुढे म्हणाले, "आणि नाही म्हणायला मी तिथे नाहीये." फोन बंद झाला.

शनिवारी सकाळी ग्रामपंचायतीसमोर गाव जमलं. सपनाने सांडवा फोडायचं नाव काढताच सुकदेव उठला. तो सरपंच होता आणि ती चढणारी विहीरही त्याचीच होती.

"पानी नव्हतं तवय बी रडनूत. आते पानी शे, तं तुम्ही फोडाले उनात? गहू पोटरीमा शे ताई. बठ्ठं गाव त्यावरच शे."

"उद्या बक्षीस देऊन राहिले ना याच तलावाला?" मागून कुणीतरी विचारलं. "मंग बक्षीस देणारे येडे का?"

लोक हसले. सपनाला जोर, दाब, माती वाहून जाणं हे सगळं समजावायचं होतं, पण हसण्यात तिचा आवाज बुडाला. तेवढ्यात भागाबाई पुढे आली. तिच्या डोक्यावर पाटी होती. पाटीतून तिने एकेक करून नऊ बाटल्या काढल्या आणि पारावर ओळीने मांडल्या.

"कोनी सांगेल नव्हतं," ती म्हणाली. "दर सोमवारले टेप सोडू तवय एक बाटली भरी लेऊ. हाई दिवाळीनी. हाई कालनी."

पहिल्या बाटलीतलं पाणी काचेसारखं होतं. पुढे पुढे ते धुरकट होत गेलं होतं. शेवटच्या बाटलीत तळाशी बोटभर काळी माती बसली होती.

"मन्ही विहीर मुरुममा शे," सुकदेव हळू आवाजात म्हणाला. "तठे काळी माती कोठून उनी?"

"भरावातून," सपना म्हणाली. "भराव आतून पोखरला जातोय. चूक माझी आहे. सहा वर्षांपूर्वी लोटनभाऊंनी मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. अजून दोन मीटर खणायचं राहिलं, आणि वहीत मी खोटं लिहिलं. तेव्हा मला ते खोटं वाटलं नव्हतं, एवढंच."

गर्दीच्या कडेला लोटन उभा होता. त्याने मान खाली घातली, जणू चूक त्याचीच होती.

"म्हंजे सहा वरीस आम्ही त्यानाखाले झोपनूत?" सुकदेवने विचारलं.

"हो."

त्याने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती सपना अजून विसरलेली नाही. मग तो वस्तीकडे वळला. "पहिले म्हाताराकोतारा आनि पोरं शाळामा लई चला. ढोरं सोडा. मशिन मांगतून."

दुपारपासून लोटनने सांडव्याच्या बाजूने, भरावापासून दूर, कठीण मुरमात चर खणायला सुरुवात केली. सांडव्याखाली पाणी पाच फुटांवर होतं. तेवढं खणल्याशिवाय एक थेंब बाहेर पडणार नव्हता. सूर्य मावळताना चरातून पाणी वाहू लागलं. रविवारी सकाळपर्यंत तलाव दोन फूट उतरला. वस्तीतली काही माणसं शाळेतून घराकडे परत निघाली. दूध काढायचं होतं, चूल पेटवायची होती, आणि भराव तर जागच्या जागी दिसत होता. सपना वाटेत आडवी उभी राहिली. एका म्हाताऱ्याने तिला शिव्या घातल्या. तिने खाली मान घालून ऐकल्या, पण वाट सोडली नाही.

अकरा वाजता बाभळीची काडी दिसेनाशी झाली. त्या जागी आता पाण्यात वाटीएवढा खळगा पडला होता आणि त्यातून घशात पाणी अडकल्यासारखा आवाज येत होता.

"लोटनभाऊ, मशिन मागे घ्या!" ती ओरडली.

"आखो फूटभर खंदस ताई, तेवढं..."

"मागे घ्या!"

लोटनने मशिन मागे घेतलं. पावणेबाराच्या सुमाराला भरावाचं डावं टोक आवाज न करता खचलं. आधी वरची माती बसली, एखाद्या माणसाने दमून बसावं तशी. मग एक मोठा काळा लोट बाहेर पडला आणि त्याच्यामागून तलाव आला.

शाळा उंचावर होती. सगळं गाव तिथून पाहत होतं. पाणी अंगणवाडीच्या भिंतीवर आदळलं आणि भिंत दिसेनाशी झाली. अकरा घरं गेली, पोटरीतला गहू गेला, सुकदेवची विहीर गाळाने काठापर्यंत भरली. पाऊण तासात सगळं संपलं. मग सुकदेवने मोठ्याने नावं घ्यायला सुरुवात केली, घराघराप्रमाणे, आणि प्रत्येक नावाला कुणीतरी ओ देत होतं. शेवटचं नाव झालं तेव्हा तो मटकन खाली बसला. गेलेल्या अकरा घरांत भागाबाईचंही होतं. ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "ताई, साप कोठे जाई राहिना व्हतीन आते?"

नाना साडेतीनला पोचले. जळगावहून थेट आले होते. खांद्यावरची शाल काढायचंही त्यांना सुचलं नव्हतं. चिखलातून चालत ते तुटलेल्या भरावापाशी आले.

"माणसं?"

"सगळी आहेत."

नानांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "स्टेजवर माझं नाव पुकारलं, तेव्हा खिशात फोन थरथरत होता. मला माहीत होतं काय असणार ते. तरी मी पुढे गेलो, सन्मानचिन्ह घेतलं, फोटोला उभा राहिलो." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "परत करायचं पत्र मी लिहीन."

"खंदकाची नोंद माझ्या सहीची आहे. ती पत्राला जोडा. तहसीलदारांना मी सगळं सांगितलंय."

सुकदेव दोघांच्या मागे येऊन उभा राहिला होता. त्याने नानांना नमस्कार केला नाही. "बाकीना सहा गावं," तो म्हणाला. "त्यासले कोन सांगी?"

सपना आणि नानांनी एकदमच फोन काढले. चार गावांत काम सुरूच व्हायचं होतं. तिथे निरोप पोचला. पहूरकडच्या दोनपैकी एका ठिकाणी मुकादमाने फोन उचलला आणि मशिन थांबवलं. त्याने सांगितलं ते ऐकून नानांचा चेहरा उतरला. पुरस्काराची बातमी पेपरात वाचून दुसऱ्या गावाने शुक्रवारपासूनच दोन जादा मशिनं लावली होती. खंदक म्हणे कालच झाला होता. खडक लवकर लागला, म्हणून काम लवकर आटोपलं. आज सकाळपासून माती पडत होती.

"किती खोलीवर लागला?" सपनाने विचारलं.

"ते काही मला ठाऊक नाही, मॅडम. तिथले लोक खूश होते."

त्या गावच्या माणसाचा फोन लागत नव्हता. सपनाने तीनदा लावला. मग हात धुतले, नानांकडून गाडीची किल्ली मागून घेतली आणि निघाली. लोटन काही न विचारता शेजारच्या सीटवर येऊन बसला. धुळ्याला गाडी हायवेला लागली. पारोळ्याजवळ तिने गाडी बाजूला घेऊन पुन्हा फोन लावला. घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही.

"चाला ताई," लोटन म्हणाला. "रोज पाच-सहा फूट माती टाकतस त्या. खंदक बुजी जाई."

तिने गाडी रस्त्यावर घेतली. अजून ऐंशी-नव्वद किलोमीटर जायचं होतं.