अळीमावशीचा जबाब

“साहेब, त्या अहवालातले चार दिवस चुकलेत,” अळीमावशी दारातूनच म्हणाली.

“कुठल्या?” साहेबांनी मान वर केली नाही.

“गोदामामागच्या खोलीत सापडलेला माणूस. त्याचा भाऊ आत आहे बघा.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

प्रेतांवरच्या अळ्या वाढवायच्या, मोजायच्या आणि माणूस कधी गेला ते सांगायचं, हे काम ती सरकारी प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं करत होती. सही साहेबांची असली तरी आकडा तिचा. या माणसाला जाऊन चार दिवस झालेत, असं तिनंच सांगितलं होतं. भाऊ परगावाहून आला तोही प्रेत सापडायच्या नेमकं चार दिवस आधी. ‘आल्यापासून त्याला शोधतोय हो,’ असं तो कळवळून सांगत होता. पण दोघांचं भांडण सगळ्यांना ठाऊक. पोलिसांनी उचलला त्याला.

पुढे त्या प्रेतावरून काढून बरणीत ठेवलेल्या अळ्या पटापट मरायला लागल्या. उरल्या त्या वाढेचनात. उबेच्या कपाटाचं दार आपल्याकडूनच उघडं राहिलं असणार, या धास्तीनं तिनं नोंदच केली नाही. मेलेल्या अळ्या गुपचूप स्पिरिटमध्ये घालून ठेवल्या.

काल तिची नजर शेजारच्या बरणीवर गेली. अळ्या दुसऱ्या प्रेतावरच्या, पण कपाट तेच, ऊब तीच; आणि त्यांचे वेळेवर कोष झालेले. कपाटाचा दोष नव्हता. त्या माणसाच्या अंगातच विष होतं. कीटकनाशक पोटात गेलेल्या देहावर माश्या उशिरा अंडी घालतात, अळ्याही रखडत वाढतात. म्हणजे तो चार दिवसांच्या बराच आधी गेला होता, आणि तेव्हा भाऊ गावात नव्हताच.

सकाळी नवरा म्हणाला होता, “निवृत्तीला आठ महिने राहिलेत. कशाला पायावर धोंडा पाडून घेतेस?”

“मावशी, तेव्हाच का नाही बोललात?” साहेबांचा आवाज चढला. “बावीस दिवस झाले त्याला आत!”

“घाबरले, साहेब.”

“लेखी द्यावं लागेल. नोंद लपवली, तेसुद्धा.”

“देते. अक्षराला हसू नका म्हणजे झालं.”

स्पिरिटमधल्या अळ्यांत कीटकनाशक सापडलं. आठवड्याभरात भाऊ सुटला. मावशीला लेखी ताकीद मिळाली; अळ्यांचं काम काढून तिला खिडकीवर बसवलं, नमुन्यांची नि मृतांच्या वस्तूंची पाकिटं द्यायला-घ्यायला.

महिन्याभरानं एक माणूस चिठ्ठी घेऊन खिडकीशी आला. भावाच्या वस्तू न्यायच्या होत्या. नाव वाचून मावशीनं चिठ्ठी पुन्हा वाचली; हाच तो सुटलेला भाऊ. तो तिला ओळखत नव्हता. तिनं पाकीट पुढे सरकवलं.

“सही कुठं करू, मावशी?”

तिनं बोट ठेवलं. सही करून त्यानं पाकीट उघडलं. किल्ल्या, घड्याळ, चष्मा. चष्मा त्यानं शर्टाच्या टोकानं पुसला, उजेडाकडे धरला, पुन्हा पुसायला लागला. मागे रांग कुरकुरू लागली.

“थांबा जरा,” मावशी रांगेला म्हणाली. “होऊ दे त्यांचं सावकाश.”