दहाही नखं सारखी

काचेचं दार ढकलून आई पार्लरमध्ये शिरली, तेव्हा मुलगी टेबलावर नेलपॉलिशच्या बाटल्या ओळीनं लावत होती.

"अगं..." आई तोंडभर हसून म्हणाली. पुढचं तिच्या ओठांवर यायच्या आत मुलगी लगबगीनं सामोरी गेली.

"या मॅडम. अपॉइंटमेंट आहे का?"

आईचं तोंड तसंच अर्धवट उघडं राहिलं. तिनं मुलीकडं पाहिलं, गल्ल्यावरच्या मालकीणबाईंकडं पाहिलं, शेजारच्या टेबलावरून कान टवकारून बसलेल्या दुसऱ्या पोरीकडं पाहिलं. वीस वर्षं जिनं लसणाच्या पाकळीवरचं साल काढण्यात घालवली, तिला आतला प्रकार कळायला कितीसा वेळ लागणार?

"नाही हो ताई," ती म्हणाली. "आज सवड होती. म्हटलं, बघावं तरी असतं कसं."

मुलीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आईनं तिला जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

या दुखण्याचं मूळ दोन वर्षांपूर्वीचं. ती कामाला लागली त्याच दिवशी शेजारच्या टेबलावरच्या पोरीनं, जिला सगळे बुलबुल म्हणत कारण तिची चोच मिटत नसे, विचारलं होतं, "तुझी आई काय करते गं?" समोर भिंतीवर पियानोचं चित्र असलेलं कॅलेंडर होतं. मुलगी म्हणाली, "पियानो शिकवते." झालं! खोट्याला एकदा चारा घातला की ते पाळलेल्या वासरासारखं मागं मागं फिरतं. बुलबुलला पियानो शिकायची हौस आली, तेव्हा मुलीनं पियानो दुरुस्तीला पाठवला. दोन वर्षांत त्या दुरुस्तीवाल्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, दुकानात पाणी शिरलं, बायको माहेरी निघून गेली. पियानो काही परत येईना.

खरं म्हणजे आई हॉटेलांना सोललेला लसूण पुरवणाऱ्या शेडमध्ये कामाला होती. तिच्या पावलांचा आवाज ऐकला की लसूण आपणहून अंगरखा उतरवतो, असं तिथं म्हणत, आणि यात फार तर चार आणे अतिशयोक्ती होती. बाकीच्या बाया सुरी वापरत. आईचं सगळं कसब उजव्या अंगठ्याच्या नखात. पिवळं, टोकाशी किंचित वाकलेलं, शिंगासारखं टणक. "सुरी पाकळीला जखमी करते, नख फक्त उठवतं," ती म्हणायची. त्याच नखानं तिनं मुलीची शाळा सोलून काढली होती आणि या नखांच्या कोर्सची फीसुद्धा.

आता आई खुर्चीत बसली, आणि मुलीनं तिच्यापुढं प्रकारांचं कार्ड ठेवलं.

"हे साधं पॉलिश. हे जेल. हे अ‍ॅक्रिलिक, म्हणजे वरून खोटं नख बसवायचं. आणि आकार वेगळे. चौकोनी, बदामी, कॉफिन..."

"ते काय असतं?"

"शवपेटीसारखा आकार."

"अगंबाई, जिवंतपणीच? नको हो, एवढी घाई नाही मला."

मालकीणबाई खळखळून हसल्या. मुलीला हसता आलं नाही.

"आणि हे जेल कसं?"

"तीन आठवडे हलत नाही. काढायला मात्र इथंच यावं लागतं."

"म्हणजे परत यावं लागणार." आईनं कार्ड परत सरकवलं. "नको. साधंच करा. फिकं."

कोमट पाण्यात हात बुडाले आणि इतकी वर्षं बोटांत मुरलेला लसूण वाफेसरशी वर आला. बुलबुलनं नाक मुरडलं.

"कसला गं वास हा? मावशी, हॉटेलात असता का?"

"घरीच असते मी," आई म्हणाली. "सकाळी स्वयंपाक केला, तो राहिला असेल."

"हात बाकी फारच राठ झालेत तुमचे. हिच्या आईचं बघा, पियानो शिकवते!"

मुलीच्या हातातला टॉवेल खाली पडला. आई पाण्यातल्या आपल्या बोटांकडं पाहत राहिली.

"हो का?" ती हळूच म्हणाली. "भाग्याची बाई. बोटं मऊ असतील तिची."

भुईनं पोटात घ्यावं असं मुलीला वाटलं. पण भुई गुळगुळीत फरशीची होती, तीही तयार नव्हती. मान खाली घालून मुलगी एकेक नख घासू लागली. डावा हात झाला. उजव्या हाताची करंगळी झाली, मग तिच्या शेजारची तिन्ही बोटं झाली. अंगठ्यापाशी येऊन कानस थांबली.

मालकीणबाई येऊन मागं उभ्या राहिल्या होत्या. "अगं, हे एवढं वाढलेलं काय ठेवतेस? काप ते. दहाही सारखी दिसली पाहिजेत."

मुलीनं वर पाहिलं. आई आता म्हणेल, राहू द्या तेवढं. गिऱ्हाइकानं म्हटलं की संपलं, कारण कुणी विचारत नाही. पण आई मुलीकडं नुसती बघत होती, शाळेच्या फाटकाशी उभी राहून बघायची तशी. पोर कधी बाहेर येतंय म्हणून.

"कात्री घेतेस ना?" मालकीणबाई म्हणाल्या.

घेतली. नख इतकं टणक होतं की दोनदा दाबावं लागलं. कट्‌कन तुकडा उडाला आणि टेबलाखाली कुठंतरी गेला.

"सुंदर!" मालकीणबाई म्हणाल्या.

आईनं दहाही बोटं पसरून पाहिली, "हात हलका आहे ताईंचा," असं त्यांना सांगितलं, आणि ती निघाली. रंग पुसू नये म्हणून दार तिनं खांद्यानं ढकललं.

संध्याकाळी मुलगी घरी पोचली. आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. शेडमधून आणलेलं उद्याचं पोतं शेजारी उघडं होतं. एरवी या वेळेला टोपलं भरलेलं असायचं. आज तळही झाकला नव्हता. आईच्या हातात भाजीची सुरी होती आणि ती तिला धड धरताही येत नव्हती.

मुलगी दारातच उभी राहिली. म्हणाली, "आई, तू बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तू बोलशील."

आवाजात राग असता तर मुलीला बरं वाटलं असतं. ती येऊन समोर बसली, पोत्यातून एक गड्डा घेतला. आईनं तो तिच्या हातातून काढून परत पोत्यात टाकला.

"राहू दे. उद्या तुला कामावर जायचंय."

आणि ती पुन्हा सोलू लागली, चार बोटांत सुरी कशीबशी पेलत. अंगठा तेवढा तिनं बाजूला, ताठ धरला होता. मुलीनं लावलेला रंग खरवडू नये म्हणून.