भरून परत आलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे, तीन कप्प्यांचा, आणि आज तुमच्यासमोर मान खाली घालून बसलो आहे. डब्याला मान कुठली, असं म्हणून तुम्ही हसाल. हसा. पण लाज वाटायला मान असावीच लागते असं नाही.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला आठवत नाही. आठवतं ते उल्हासनगरच्या बाजारातलं भांड्यांचं दुकान. मोरिवलीचे धर्मराज भोईर अंबरनाथच्या एका कंपनीत नुकतेच कायम झाले होते. त्या आनंदात ते बायकोला, अंजनीला, घेऊन डबा घ्यायला आले. त्यांनी मला चारदा उघडलं, चारदा मिटलं, कडी ओढून पाहिली. दुकानदार सिंधी होता. नाव घालायचं यंत्र हातात घेऊन त्याने विचारलं, "बोलो साईं, क्या नाम डालूं?" धर्मराजांनी नाव सांगितलं आणि त्यापुढे गावही घालायला लावलं. यंत्र घुर्र करत माझ्या झाकणावर फिरलं तेव्हा अंगाला अशा गुदगुल्या झाल्या! 'धर्मराज भोईर, मोरिवली.' माझ्याइतका ऐटबाज डबा अख्ख्या अंबरनाथात नसेल, असं मला वाटलं.

सुरुवातीची वर्षं मजेत गेली. अंजनी माझ्यात तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, कधी वालाची भाजी भरायची. जेवणाच्या सुट्टीत चारजण माझ्याभोवती जमायचे. "भोईर, वहिनींच्या हाताला चव आहे हां," असं कोणी म्हटलं की स्वयंपाक जणू मीच केल्यासारखा मी फुगायचो.

धर्मराजांची शाळा नववीत सुटली होती. कंपनीत त्यांच्यापेक्षा लहान वयाचा शिकलेला साहेब "ए भोईर" अशी हाक मारायचा, ते त्यांच्या जिव्हारी लागायचं. आपल्या मुलाला अशी हाक कोणी मारायची नाही, तो इंजिनियरच होणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्यांचा मुलगा विनीत तेव्हा धड बोलतही नव्हता.

धर्मराज विनीतला कधी ओरडले नाहीत. मुलावर हात उगारणाऱ्या बापांना ते नावं ठेवायचे. विनीतला मार्क कमी पडले की ते एकच करायचे. दिवसभर मला उघडायचेच नाहीत. संध्याकाळी घरी येऊन मला तसाच, भरलेला, विनीतच्या वह्यांशेजारी ठेवायचे आणि म्हणायचे, "माझी भूक मेली."

नऊ वर्षांचं पोर मला उचलायचं. माझ्या वजनावरूनच त्याला सगळं समजायचं. दिवसभराच्या उकाड्यात कालवण आंबलेलं असायचं. ते मागच्या दारी कोंबड्यांपुढे टाकून तो मला घासायचा, लख्ख झालो तरी घासतच राहायचा. अंजनी पाठमोरी उभी असायची. त्या दिवशी तीही जेवायची नाही. मित्रांनो, धर्मराजांनी हात कधी वापरला नाही हे खरं आहे. त्यांनी मला वापरलं. माझ्या लाजेचं कारण हेच.

विनीतने पुढे पहिला नंबर सोडला नाही. तो इंजिनियर झाला, नोकरीला लागला, गावात वाहवा झाली. धर्मराज निवृत्त झाले आणि मी विनीतच्या पिशवीत आलो. तिथून मला वेगळंच ऐकू यायचं. वडिलांचा फोन वाजला की त्याचा श्वास अडकायचा. हवं की नको, एवढंही त्याला कोणाला सांगता यायचं नाही. तेहतिसाव्या वर्षी एकदा कामावर त्याला भोवळ आली. डॉक्टरांनी तपासलं तर हृदय ठणठणीत! त्यांनी शलाका मॅडम नावाच्या समुपदेशकांचा पत्ता दिला.

मॅडमची खोली बदलापूरला, हेंद्रेपाड्यात होती. तिथे ओळखीचं कोणी भेटणार नाही, म्हणून विनीतला हायसं वाटलं. 'आता शनिवारीही ऑफिस असतं,' असं त्याने घरी सांगून टाकलं. झालं! अंजनी शनिवारचाही डबा भरू लागली. सुट्टीच्या दिवशी पोर राबतंय म्हणून भाकरीवर लोण्याचा गोळाही ठेवू लागली. ऑफिस खोटं आणि लोणी खरं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विनीत मला मांडीवर धरून बाहेरच्या खुर्चीवर बसायचा, पण त्याला घास उतरायचा नाही.

एका शनिवारी मॅडमनी सहज विचारलं, "आधी जेवून घेता का? भूक लागली असेल."

विनीत माझ्याकडे बघत राहिला. "कळत नाही मॅडम," तो म्हणाला. "खरंच कळत नाही. बाबा जेवले का, हे समजल्याशिवाय मला माझी भूकच कळत नाही."

मग त्याने मला पुढ्यात ठेवून आंबलेल्या कालवणापासून सगळं सांगितलं. खूप रडला. डोळे पुसत घाईघाईने निघाला आणि मला तिथेच विसरला.

तिथे झाडूफरशी करायला गोजरबाई यायच्या. इथे येणाऱ्या कोणाचंही नाव बाहेर बोलायचं नाही, असं मॅडमनी त्यांना बजावलं होतं, आणि त्या कधी चकार शब्द बोलल्या नव्हत्या. पण डबा म्हणजे परक्या घरचं भांडं, ते ज्याचं त्याला पोचवायला हवं. त्यांनी माझ्यावरची अक्षरं एकेक करून लावली. त्यांची लेक मोरिवलीतच दिलेली होती, त्यामुळे भोईरांचं घर त्यांना ठाऊक होतं. डबा परत देणं म्हणजेच नाव सांगणं, हे त्या माउलीच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी मला स्वच्छ धुतलं आणि रविवारी दुपारी थेट धर्मराजांच्या दारात आणलं. घरात पानं वाढलेली होती.

"अंजनीताई, ह्यो तुमचाच ना? त्यावरचा नाव वाचला नि वलखला," गोजरबाई म्हणाल्या. "रिकामा कसा देनार, म्हनून मूठभर साखर घातली. तुमचा पोर आमच्या मॅडमकडं येतो ना दर शनवारी, मनाच्या डॉक्टरीनकडं, तिथं इसरला. लय गुनाचा हाय हो पोर."

आणि चांगलं काम केल्याच्या समाधानात त्या लेकीकडे निघून गेल्या.

विनीतचा चेहरा उतरला. अंजनी मला हातात धरून तशीच उभी राहिली.

"मनाची डॉक्टरीन?" धर्मराज म्हणाले. "आमच्याबद्दल सांगतोस तिला?"

"हो, बाबा."

धर्मराजांनी ताट पुढे सारलं. "माझी भूक मेली. यापुढं तिथं पाऊल टाकायचा नाय."

आता काय होणार ते मला पाठ होतं. 'चुकलो बाबा, जेवा,' असं तो म्हणणार आणि त्याचे शनिवार संपणार. विनीतचे ओठ हललेही. पण शब्द वेगळे आले.

"मी जाणार, बाबा. तुम्ही जेवलात तरी जाणार, नाही जेवलात तरी जाणार."

"मी तुला कधी हात तरी लावला का रे?"

"नाही लावलात. लावला असतात तर रडून मोकळा झालो असतो. तुम्ही उपाशी राहायचात आणि मला वाटायचं, माझ्यामुळे बाबा मरणार. नऊ वर्षांचा होतो मी."

धर्मराजांचे कान लाल झाले. ते उठून पडवीत जाऊन बसले.

"मना सगला दिसत होता," अंजनी हळूच म्हणाली. "भरलेला डबा दिसायचा, तुझा तोंड दिसायचा. मी गप ऱ्हायले. माझीच लाज वाटते मना." तिने विनीतच्या पानात भात वाढला, आणि आपलंही पान घेऊन त्याच्याजवळ बसली.

बाप पडवीत उपाशी बसलेला असताना विनीत जेवला. शरमेने मान वर होत नव्हती, पण भाताचं शीतही त्याने टाकलं नाही.

मित्रांनो, मला जपायचं तर फार काही करावं लागत नाही. रोज घासा, कोरडा करून ठेवा. पण माझ्यात अन्न भरून कोणाला धाक घालू नका, एवढी विनंती आहे. धर्मराज नंतर जेवले का, असं तुमच्या मनात आलंच असेल. तुम्हाला ही काळजी एका गोष्टीपुरती वाटली, विनीतला ती पंचवीस वर्षं वाटत होती. म्हणून मी सांगणार नाही. मोठ्यांची भूक मोठ्यांना सांभाळू द्या. तुम्ही आपलं जेवून घ्या.