कागदाची मागची बाजू

डोंगरावरची मेंढरं लोकर कातरायला खाली आणायचा दिवस होता. माझी धाकटी बहीण लोवरी हिनं माझ्यावर एकच काम सोपवलं.

"दादा, बाईंना गाडी फाटकासमोरून काढायला सांग. आठच्या आत. सांगशील ना? की बसशील पुस्तकात तोंड खुपसून?"

"सांगतो."

बाई म्हणजे मिसेस होलरॉइड. आमच्या शेतघरातल्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो, सकाळच्या न्याहारीसकट. आदल्या संध्याकाळी त्या आल्या आणि नेमकी आवाराच्या फाटकाला आडवी गाडी लावून झोपायला गेल्या.

पाच वाजता लोवरी कुत्री घेऊन डोंगरावर गेली. शेजारच्या चार शेतांवरची माणसंही गेली. आज आमची मेंढरं, परवा शेजारच्या गेथिनची, असं आमच्याकडे चालतं. वाटेत मेंढरं अडली की मागे फिरतात, थेट डोंगरमाथ्यापर्यंत. मग पाच घरांचा दिवस वाया.

साडेसहाला मी बाईंच्या दारापर्यंत गेलो. हात उचलला. झोपल्या असतील, कपडे बदलत असतील. एकाहत्तरावं वर्ष लागलं, तरी परक्या बाईचं दार वाजवणं मला जमत नाही. खाली येऊन मी चिठ्ठी लिहिली. आधी स्वागत, मग हवापाणी, मग आमच्या डोंगराच्या नावाविषयी थोडं. दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. गाडीच्या विषयापर्यंत येईतो कागद संपला, म्हणून ते मागच्या बाजूला गेलं. चिठ्ठी दाराखालून सरकवली.

साडेसातला बाई उतरल्या. मी अंडी, बेकन आणि समुद्री शेवाळाच्या वड्या वाढल्या.

"किती छान लिहिता हो तुम्ही! आता त्याच डोंगरावर फिरायला जाते."

त्या गाडीसाठी उठतील म्हणून मी वाट पाहत राहिलो. त्यांनी आणखी एक टोस्ट मागितला. मी तो आणून दिला.

तेवढ्यात गेथिनची शीळ ऐकू आली. खिडकीतून पाहिलं तर तीनशे मेंढरं वळणावर आलेली.

"बाई, गाडी काढा! गाडी!" मी ओरडलो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"अगंबाई, किल्ली वर आहे!" त्या जिन्याकडे धावल्या.

एवढा वेळ नव्हता. घराशेजारच्या बागेतून आवारात वाट जाते. मी धावत जाऊन बागेचं दार सताड उघडलं आणि बाजूला झालो. पुढची मेंढी क्षणभर थांबली, मग आत शिरली. मागोमाग बाकीची. गावच्या प्रदर्शनासाठी लोवरीनं लावलेल्या लीकच्या, म्हणजे जाड पातीच्या कांद्याच्या, वाफ्यातून सगळी गेली.

"इद्वल, तुला ओरडता येतं हे पन्नास वर्षांत आज कळलं!" गेथिन म्हणाला.

लोवरी वाफ्यापाशी उभी राहिली. किल्ली घेऊन धावत आलेल्या बाईंच्या हातात चिठ्ठीही होती; ती तिनं घेतली, उलटून वाचली.

"मागेही लिहिलं होतं?" बाईंनी विचारलं.

लोवरीनं चिठ्ठी खिशात घातली आणि मेंढरांकडे वळली. दिवसभर लोकर कातरणं चाललं.

संध्याकाळी तिची माफी मागायला मी कागद काढला. 'प्रिय लोवरी' एवढं लिहिलं, आणि कागद फाडला. मग जाऊन स्वयंपाकघराचं दार वाजवलं.

"स्वतःच्याच घरात दार कसलं वाजवतोस?" ती आतून म्हणाली.

"सवय करतोय."

"मग ये आत. आणि माफीबिफी तोंडानं माग, दादा. वाचायला मला वेळ नाही."