जाळीखालचा पलंग

नागाळा पार्कातल्या त्या बंगल्यात आबांनी सत्तर साली सगळ्या घराचा मिळून एकच एसी बसवला होता. मागच्या खोलीत बैलाएवढं मशीन, आणि तिथून छताच्या आतून प्रत्येक खोलीत गेलेले पत्र्याचे चौकोनी बोगदे. "उन्हाळ्यात पन्हाळ्याला कशाला जायचं? पन्हाळाच घरात आणतो की," असं ते फाउंड्रीतल्या लोकांना सांगायचे.

आबा गेले एक्क्याण्णव साली. ते गेले तेव्हा त्यांचा धाकटा मुलगा अमरसिंह कामासाठी दूर परगावी होता. निरोप पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेराव्याला थोरली बहीण आक्का भरल्या घरात त्याला म्हणाली, "तू यायला पाहिजे होतंस." एवढंच. पण ज्या सुरात म्हणाली तो सूर त्याला सोसला नाही. महिन्याभरात दिवाणखान्याच्या मधोमध भिंत उभी राहिली. फाटकं दोन झाली. सरुबाई तेवढी दोन्ही घरची भांडी घासायची आणि निरोप इकडून तिकडे न्यायची.

भिंत छतापर्यंतच गेली. वरचा पत्र्याचा बोगदा तसाच राहिला, कारण मशीन एकच होतं.

आक्का कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. लग्न केलं नव्हतं. दुपारी जेवून ती आडवी झाली की डोक्यावरच्या जाळीतून गार वारा यायचा आणि वाऱ्याबरोबर पलीकडचं घर यायचं. अमरचा खोकला. त्याच्या रेडिओवरच्या बातम्या. एक चप्पल पडल्याचा आवाज, मग बऱ्याच वेळाने दुसरी. डोळे जड झाले की वाडीच्या घाटावर दोन नद्यांचं पाणी मिसळावं तसं व्हायचं. हा खोकला आजचा की लहानपणी गोवर आला तेव्हाचा, तिला कळायचं नाही. दुसरी चप्पल पडली की ती झोपून जायची. अकरा वर्षं हे चाललं होतं आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

दोन हजार दोनच्या मे महिन्यात मशीन बंद पडलं.

निशा सोनुले नावाची मेकॅनिक आली. आयटीआय झालेली, शर्टाच्या बाह्या दुमडलेली, तिशीची बाई. बरोबर पत्र्याचं काम करणारे म्हातारे पिराजी. तिनं मशीनला कान लावला, हात पुसले.

"आक्का, ह्याचं आयुष्य संपलं. ह्यातला गॅसबी आता मिळत न्हाय. घरं दोन हायत, तर मशीनं दोन घालूया. मधल्या भिंतीवर बोगदा पत्रा मारून बंद करते."

आक्कानं वर जाळीकडे पाहिलं. "पलीकडं विचारलंस?"

"विचारलं की. काका म्हणाले, आक्का म्हणंल तसं."

आक्का म्हणणार काय? "बंद कर," ती म्हणाली.

जुनं मशीन तुकड्यांत बाहेर गेलं. तीन दिवस घर गप्प होतं. दुपारी ती जाळीकडे बघत पडून राहायची. वारा नव्हता, तर आवाजही वाहत येत नव्हता. की पलीकडे कुणी हालतच नव्हतं? झोपेच्या काठावर तिला वाटायचं, आपण पाण्याखाली आहोत आणि वर कुणीतरी हाक मारतंय, पण शब्द फुटून जातायत.

चौथ्या दिवशी निशा पलीकडचं माप घेऊन आली आणि पाणी पिता पिता हसली.

"काय गं?"

"काकांचं नवल वाटतंय. पलंग बरोबर जाळीखाली हाय. सरुबाई म्हणत्यात, भर मे महिन्यात मफलर गुंडाळून झोपत्यात. म्हटलं, एवढं गार लागतंय तर सरकवा की पलंग. तर म्हणाले, इथनंच नीट ऐकू येतं."

"काय ऐकू येतं?"

"ते न्हाय सांगितलं."

आक्काची नजर टेबलावरच्या कादंबरीकडे गेली. तिला मोठ्यानं वाचायची सवय होती. संध्याकाळी दिवा लावला की ती कादंबरी घेऊन बसायची आणि वर्गात शिकवावं तसं खणखणीत वाचायची. भिंतींनाच ऐकवतोय, असं तिला वाटायचं.

पिराजी पत्रा कापायला बसले होते. आक्का त्यांच्या शिडीवर चढली. "अहो बाई, पडशीला!" ते ओरडले. निशानं शिडी धरली. जाळी काढलेल्या काळ्या चौकोनात आक्कानं तोंड घातलं. आत धुळीचा आणि थंड लोखंडाचा वास होता.

"अमर."

आवाज आत घुमत गेला, वळणावर थांबला, पुढे गेला.

"अमर, मफलर गुंडाळून झोपतोस म्हणे?"

मग पलंग करकरला.

"आक्का," पलीकडून आवाज आला, म्हातारा झालेला आणि तरी तोच. "त्या गोष्टीतली पोरगी नदी ओलांडून गेली, पुढं काय झालं? चार दिवस झाले, वाचलंच न्हाईस तू."

आक्काचे डोळे भरले. शिडीवर डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. "वाचलं की. मनात वाचलं."

"मग मला कसं कळणार?"

निशा खालून ओरडून म्हणाली, "आक्का, पत्रा मारू का नको?"

उत्तर छतातून आलं. "एकच मशीन घाल, पोरी. मोठं बघून घाल."

आठवड्यानं नवं मशीन सुरू झालं. त्याला आवाजच नव्हता. संध्याकाळी आक्का पुस्तक उघडून बसली आणि आज कुणीतरी ऐकतंय म्हणून पहिल्याच ओळीत दोनदा अडखळली. दोन पानं कशीबशी झाली असतील, तोच तिच्या फाटकाची कडी वाजली. अमरसिंह अंगणात उभा होता, केस पांढरे, हातात कैरीच्या दोन फोडी, जणू वाटेत खात आला होता.

"पावणं, आत या," ती म्हणाली.

त्यानं एक फोड तिला दिली आणि खुर्ची ओढून बसला. "हां, वाच," म्हणाला. मग तिनं वाचायला घेतलं, आधी चाचरत, मग नेहमीसारखं. तो डोळे मिटून ऐकत राहिला.